दादाच्या प्रेशरची वही

मधल्या सुट्टीत वहिनीचा फोन आला. "शोभाबाई, लवकर या. तुमचे दादा हाक मारली तरी बोलूनच नाई राह्यले." माझी शाळा वर्ध्याला, दादाचं घर समुद्रपूरला. वाटेत जाम गावी बस बदलेपर्यंत मला रडूही आलं नाही. डोक्यात एकच घोकणं चाललं होतं… ते आकडे मी लिहिले, ते आकडे मी लिहिले. पोचले तेव्हा अंगणात चपलांची गर्दी होती आणि विचारायचं काही उरलं नव्हतं. त्याला आता सहा आठवडे झाले.

दादा, माझा मोठा भाऊ वसंता, पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होता. माणसांशी तिरसट, पाण्याशी मात्र जिवाभावाचा. दिवाळीनंतर त्याचं डोकं सारखं दुखायला लागलं, आणि नागपूरच्या स्कॅनमध्ये मेंदूतल्या रक्तवाहिनीवर फुगा निघाला. तो फुटला तर काय होईल हे डॉक्टरांनी सांगितलं. मी अर्धंच ऐकलं. मग ते म्हणाले, स्कॅनवरून कॉम्प्युटरमध्ये हीच रक्तवाहिनी हुबेहूब तयार करू, तिच्यातून रक्त वाहतं ठेवू आणि फुग्याच्या भिंतीवर कुठे किती ताण येतो ते बघू. आत जाळीची नळी बसवली तर प्रवाह कसा वळेल, तेही आधी पडद्यावरच करून बघता येतं. पहिलं चित्र हलायला लागलं तसा दादानं खुर्ची पुढे ओढली. "हा तं कालव्याच्या मोरीच्या तोंडचा भोवरा आहे साहेब. अथी पाणी काठ खाऊन राह्यलं." डॉक्टर हसले, म्हणाले, "बरोबर तिथेच." वहिनी आणि मी पडद्यावरून नजर काढून बसलेल्या, आणि हा बाबा खूश!

नेमकं गणित मांडायला आठवडाभराचं ब्लडप्रेशर घरी मोजून आणा, असं त्यांनी सांगितलं. आता कालव्यावरची एक रीत सांगायला हवी. साहेबांची पाहणी असली की आदल्या संध्याकाळी गेट थोडं वर करून ठेवायचं, म्हणजे सकाळी मोजपट्टीवर पाणी कागदाप्रमाणे दिसतं. त्यात कुणाला काही वाईट वाटत नाही. पाहुणे येणार म्हणून घर झाडावं, तसंच. दादानं प्रेशरचंही तेच केलं. मी सुट्टी घेऊन तिथेच राहिले होते. मशीन काढलं की म्हणायचा, "थांब वं शोभे, आताच नको लावू." गोळी घ्यायचा, ताक प्यायचा, अर्धा तास डोळे मिटून पडायचा. तरी आकडा चढाच आला तर, "हा नको लिहू, पुन्हा घे." आणि मी तिसऱ्यांदा आलेला, सगळ्यात कमी आकडा वहीत लिहायची. मी, शिक्षिका, कॉपी करणाऱ्या पोरांचे कान धरणारी! पण मला त्याच्या डोक्यात कुणी हात घालायला नको होता. आकडे कमी गेले की कॉम्प्युटर धोका नाही म्हणेल, इतकं साधं माझं गणित. पुढे दादाला डॉक्टरांचा फोन आला आणि तो म्हणाला, "साहेब म्हणते, घाई नाई." मी देवापुढे साखर ठेवली.

तेरवी झाल्यावर वही घेऊन एकटीच नागपूरला गेले. घरी कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरांसमोर बसून सगळं बोलून टाकलं… गोळी, ताक, तिसरा आकडा. म्हटलं, "माझ्यामुळे तुमचं गणित चुकलं. माझ्यामुळे गेला तो." त्यांनी वही चाळली आणि म्हणाले, "ताई, घरून येणारे आकडे नेहमी असेच सुंदर असतात. आम्ही जास्तीचं प्रेशर धरूनही करून पाहिलं होतं. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं, नळी बसवा. कोणत्या मापाची, तेही ठरलं होतं. मी फोनवर त्यांना तेच सांगितलं." मग दादा काय म्हणाला? "म्हणाले, गव्हाच्या पाण्याची शेवटची पाळी सुटू द्या, मग येतो. मी दोनदा परत फोन केला."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटला तो संताप. आधी मी डॉक्टरांना फसवलं, मग यानं मला फसवलं, आणि दोघं एकाच खाटेवर बसून ताक पीत होतो. शेवटची पाळी सुटली, गव्हाला पाणी पोचलं, आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. अजून राग येतो. त्याच्यावर जास्त की माझ्यावर, ते कळत नाही…

मी उठत होते तर डॉक्टर म्हणाले, "तुम्ही सख्ख्या बहीण, हे रक्ताच्या नात्यात असू शकतं. तुमचाही स्कॅन करून घेऊ." बाहेर नर्सनं दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, आकडा बघून भुवया उंचावल्या. "घाबरल्या दिसता. पाच मिनिटं शांत बसा ताई, पुन्हा घेते." आणि तिनं लिहिलेलं खोडायला पेन टेकवला.

"घ्या पुन्हा," मी तिचा हात धरला, "पण हा खोडू नका."