पट्टावाल्या बाई

आमच्या नर्सबाई माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी दंडाकडे. रक्तदाब मोजायचा पट्टा सदा पिशवीत. लोहाऱ्याहून एस.टी.नं येत. त्यांचं नाव कुणी घेतच नसे, सगळे 'पट्टावाल्या बाई' म्हणत.

त्या यायच्या पोटुशींना तपासायला. पण पहिल्याच खेपेला एका म्हातारीचं मन राखायला तिला पट्टा बांधला आणि बाई फसल्या. हवा भरली की दंड आवळतो, सोडली की मोकळं वाटतं. म्हाताऱ्यांना तो सांधेदुखीवरचा इलाज वाटला! मग दर खेपेला आमच्या ओसरीवर त्यांचीच रांग. सुना मागे. सासूच्या आधी हात पुढे करायची कुणाची छाती? आमची पाळी येईस्तोवर परतीची एस.टी. आलेली असे.

दुष्काळाचं साल होतं आणि मला नववा लागायचा होता. पाय सुजलेले, डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. सासूबाई कौतुकानं म्हणत, "सुनेनं अंग धरलंय."

एकदा सासूबाई पट्ट्यासाठी पुढे बसल्या होत्या, तेवढ्यात बाईंची नजर माझ्या पायांवर गेली.

"मावशी, उटा. हिला बसू द्या."

"बाई, तुमी रांग मोडू नका. माझा नंबर हाय."

"तुमाला काय धाड भरली न्हाय. ही मरंल!"

सासूबाई कुरकुरत बाजूला सरकल्या. माझ्या दंडाला पट्टा बांधून बाईंनी पारा पाहिला आणि त्यांचा चेहराच उतरला. "आत्ताच्या आत्ता उमरग्याला."

"अवो, परवा हिची ओटी भरायची हाय!" सासूबाई म्हणाल्या. "पापड, लोणचं, समदं केलंय."

"पापड तुमीच खावा."

दूध सोसायटीचा टेम्पो उभा होता. बाईंनी रिकामे कॅन उतरवून मला झोपवलं, सासूबाईंनाही वर ओढलं. सासूबाई वाटभर बाईंना शिव्या देत होत्या, माझे सुजके पाय मांडीवर घेऊन.

दवाखान्यात मला झटके आले म्हणे. मला काही आठवत नाही. मुलगी झाली, एवढीशी, पण रडली.

बारशाला बाई आल्या आणि ओसरीवरच थांबल्या. त्या बौद्ध. त्यांना आमच्या घरात कुणी कधी बोलावलं नव्हतं, हे सांगताना आजही लाज वाटते. बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या लागते, आणि माझ्या नवऱ्याला बहीण नव्हती. शेजारणी आपापल्या लेकी पुढे करू लागल्या. सासूबाई उठल्या, बाईंचा हात धरून त्यांना थेट पाळण्यापाशी घेऊन आल्या.

बाई म्हणाल्या, "आत्याला लुगडं लागतंय, मावशी."

"आणलंय," सासूबाई म्हणाल्या. "आदी नाव ठेव, पोरी."