करवतीपाशी हाक मारायची नाही

वखारीत नवा माणूस कामाला लागला की मिस्त्री त्याला आधी आपला उजवा हात दाखवायचा. राम राम नाही, चौकशी नाही. तळवा त्याच्या नाकासमोर धरायचा आणि विचारायचा, "किती दिसतात?"

"तीन," नवा माणूस चाचरत म्हणायचा.

"मोजता येतंय म्हणजे शिकलेला दिसतोस. आता ऐक. करवत चालू असताना दुसऱ्याला हाक मारायची नाही. आग लागू दे, साप निघू दे, तुझा बाप मरू दे. काही वावगं दिसलं तर गुपचूप पळायचं आणि करवतीचा खटका पाडायचा. तोंड उघडलंस तर तुलाच मेजावर घालून चिरीन."

तोंडावर सगळे त्याला मिस्त्री म्हणत. पाठ वळली की तीनबोट्या.

करवत म्हणजे लोखंडी मेजाच्या मधोमध फिरणारं, परातीहून मोठं दातेरी पातं. एक जण पुढून ओंडका लोटतो, दुसरा मागून फळी ओढतो. ओढणाऱ्याचं आणखी एक काम असतं. पडलेल्या चिरेत लाकडाची पाचर मारून ती उघडी ठेवायची. ओलं लाकूड मोठं हट्टी. पाचर निसटली की चीर मिटते, पात्याला चावते, आणि मग तेच पातं अख्खा ओंडका उचलून लोटणाऱ्याच्या अंगावर भिरकावतं. लोटणाऱ्याला हे आधी कळत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर नुसता भुसा. दिसतं ते मागच्याला.

मिस्त्री तरणा होता तेव्हा करवतीमागं त्याचा जिवलग उभा असायचा. दोघं एकाच दिवशी कामाला लागलेले, एकाच डब्यात जेवणारे. एकाला शिंक आली तर दुसऱ्यानं नाक पुसावं इतकं मेतकूट. एके दिवशी ऐन कामात तो जिवलग मागून बेंबीच्या देठापासून ओरडला, "अरे सोड, सोड!" मिस्त्री दचकला, मान वर केली, आणि ज्या हातानं लोटत होता तो हात पुढं घसरला. करंगळी आणि तिची शेजारीण भुशात जाऊन पडल्या. कुणीतरी खटका पाडला. ओंडका बाजूला ढकलून मिस्त्रीला उचलला, त्या धांदलीत चिरेकडं कोण बघतो.

हात बांधून मिस्त्री घरी पडला होता तेव्हा जिवलग भेटायला आला.

"पाचर पडली होती रे. चीर मिटत होती. ओरडलो नसतो तर ओंडका तुझ्या छातीत बसला असता."

"बसला का?"

"नाही बसला, पण बसला असता."

"असता-नसताचं मला सांगू नको. जे गेलंय ते ठणकतंय."

पुन्हा कामावर आल्या आल्या मिस्त्रीनं मालकाला साफ सांगितलं, हा राहील नाहीतर मी. मिस्त्रीसारखा लोटणारा दुसरा नव्हता. फळ्या ओढणारे ढिगानं मिळतात. जिवलगाला काढलं. तो गावाबाहेर वीटभट्टीवर गेला, आणि त्याच्या मागं वखारीत त्याचं नाव पडलं बोंबल्या. हे बारसं मिस्त्रीनंच केलं. रस्त्यात समोर आला तर मिस्त्री दुकानांच्या पाट्या वाचायला लागायचा, आणि त्याला वाचता येत नव्हतं.

तेव्हापासून तो नियम झाला. नियम खोटा होता असंही नाही. एकदा एकाची बाही पात्याकडं ओढली जात होती. मिस्त्री शेजारीच होता, त्यानं चकार शब्द न काढता खटका पाडला. बाही फाटली, हात वाचला. मग तर वखारीत त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

नियम घरीही आला. चुलीवर दूध उतू जाताना दिसलं तर हा बायकोला हाक मारायचा नाही, स्वतः उठून पातेलं उतरवायचा, तोवर अर्धं दूध राखेत. बायको म्हणायची, "घराला आग लागली तर आमचे हे मुकाट्यानं बादली घेऊन नळावर जातील. आम्ही आपलं झोपेत भाजायचं."

"जागं करून तू काय करणार होतीस? घाबरून आगीतच उडी मारली असतीस," मिस्त्री म्हणायचा. अगदी मनापासून.

एकुलती लेक. तिला दिली ती वखारीतल्याच एका पोराला. पोरगा गरीब गाईसारखा, अंगानं मात्र रेडा. मिस्त्रीनं त्याला स्वतः लोटायला शिकवलं. सबंध वखारीत तो एकटाच असा, की ज्याला मिस्त्री शिवी न घालता "लोटा, जावईबापू" म्हणायचा. बाकीचे म्हणत, आम्हालाही एकेक लेक द्या मिस्त्री, निदान शिव्या तरी चुकतील. जावई लाजून हसायचा. लेकीला मुलगी झाली, ती रांगता रांगता चालायला लागली, आणि इकडं मिस्त्रीचे गुडघे गेले. लोटण्याला कमरेपासून जोर लागतो. मालक म्हणाला, आता तुम्ही मागं उभे राहा, हलकं काम आहे. पुढं जावई, मागं सासरा.

मिस्त्री जन्मात कधी मागं उभा राहिला नव्हता.

खटका होता भिंतीवर, लोटणाऱ्याच्या उजव्या हाताशी. तिथं उभं राहून मिस्त्रीनं उभी हयात सांगितलं होतं, पळा आणि खटका पाडा. मागून तिथवर यायचं तर चिरलेल्या फळ्यांच्या थप्पीला वळसा पडतो. हे त्याच्या डोळ्यांना ठाऊक होतं, पायांना ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी ओंडका ओला होता. सालीतून पाणी पाझरत होतं. निम्मा चिरून झाला तेव्हा पाचर हलली. मिस्त्रीनं ती ठोकायला हातोडी उचलली, तोवर ती निसटून खाली भुशात पडली. आणि त्याच्या डोळ्यांदेखत चीर मिटायला लागली. हळूच, पेंगणाऱ्या माणसाच्या पापणीसारखी.

समोर जावई खाली मान घालून लोटत होता. दोन हात अंतरावर. एक हाक मारली असती तर ऐकू गेली असती. खटका जावयाच्याच हाताशी होता. मिस्त्रीचं तोंड उघडलं होतं, असं पलीकडे रंधा मारणारा सुतार सांगतो. उघडलं आणि मिटलं. मग मिस्त्री वळला आणि त्या मोडक्या गुडघ्यांनी थप्पीला वळसा घालून पळत सुटला.

तो वळशातच होता तेव्हा आवाज झाला.

ओंडका जावयाच्या छातीत बसला होता. दवाखान्यात पोचायच्या आधी वाटेतच तो गेला. मधेच एकदा शुद्धीवर आला होता. म्हणाला, "मामा, खटका पडला का?" मिस्त्री म्हणाला, "पडला." खोटं नव्हतं. पाडला होता, नंतर.

लेक माहेरी आली. दिवसभर भिंतीला टेकून बसायची, मुलगी मांडीवर. एक दिवस बापाला जेवायला वाढता वाढता म्हणाली, "बाबा, तुम्हाला दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"मग हाक का नाही मारली?"

मिस्त्रीनं सवयीनं हात वर केला. तीन बोटं. लेक हाताकडं बघत राहिली.

"तुमची दोन बोटं गेली," ती म्हणाली. "तेही दोन बोटं घालवून घरी आले असते."

आणि ताट तसंच ठेवून आत गेली.

त्याच आठवड्यात बोंबल्या आला. केस पांढरे, नखांत विटेची लाल माती. मिस्त्रीच्या बायकोनं पाणी दिलं. दोघे बाहेरच्या पायरीवर बसले, मधे एक माणूस बसेल इतकी जागा सोडून.

"त्या वेळी," मिस्त्री म्हणाला, "पाचर पडली होती का?"

"आता कशाला ते?"

"सांग ना."

"पडली होती. तेव्हाच सांगितलं होतं."

"चीर कशी मिटत होती? हळू?"

"हळू. आधी वाटतं, मिटत नाहीये, आपल्यालाच तसं दिसतंय."

मिस्त्रीनं मान हलवली. "हो. तसंच वाटतं."

बोंबल्यानं तांब्या खाली ठेवला. "भट्टीवर पहिली काही वर्षं मी रोज म्हणायचो, एक दिवस हा येईल आणि म्हणेल, तुझं खरं होतं. मग मी याला काय काय बोलेन. सगळं पाठ केलं होतं." नखांतली माती टोकरत म्हणाला, "आज त्यातलं एकही आठवत नाही. आठवलं असतं तरी कुणाला बोलू? तुला आता काय राहिलंय बोलण्यासारखं?"

"बोल की. मी ऐकतो."

"नको. माझ्या हाकेनं तुझी बोटं गेली, ते काही खोटं नाही. मलाही रात्रंदिवस तेच दिसायचं. तुझं तुला खरं, माझं मला."

तो उठला, चपला घातल्या. पुन्हा येतो म्हणाला नाही, आणि आलाही नाही.

मिस्त्रीनं वखार सोडली. खरं तर मालकानंच सोडवली. वखारीत नवीन माणसाला आता कुणी हात दाखवत नाही. तिथं आता सगळेच ओरडतात, कामाचंही आणि बिनकामाचंही. सुतार म्हणतो, कोण कुणाला आणि कशासाठी ओरडतोय हेच कळत नाही.

घरातही तेच. लेक मुलीला क्षणभर नजरेआड होऊ देत नाही. पोर उंबऱ्याकडं गेली की "पडशील", चुलीकडं गेली की "भाजशील", नुसती उभी राहिली तरी "काय करतेस गं तिकडं". सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तिचा आवाज घरभर. बायको एकदा मिस्त्रीला म्हणाली, "सांगा तिला काहीतरी. पोरीचे कान किटतील."

मिस्त्री काय सांगणार? तो पायरीवर बसून असतो. पोरगी अंगणात खेळते, आतून आईची हाक येते, पुन्हा येते, चढ्या आवाजात येते. पोरीला त्या हाकांची सवय झाली आहे. ती आता वळूनही बघत नाही.