काटकीची जागा

पुण्याहून एसटीने निघालो तेव्हा पिशवीत आयर्लंडच्या पुराणकथांचं जाडजूड पुस्तक होतं आणि वही कोरी. दोन वर्षांत एक ओळ सुचली नव्हती. तरी कोल्हापूरच्या कविसंमेलनात नवी कविता वाचतो असं कळवून बसलो होतो. या खेपेला जमलं नाही तर लिहिणं कायमचं सोडायचं, असं मनाशी ठरवलं होतं.

कोल्हापुरात राजारामपुरीत मित्र देसाईने मिसळ खाऊ घातली. नाक पुसत मी त्याला पुस्तकातली एक कथा सांगितली. तिकडे एका झऱ्यावर झाडं वाकलेली असतात, त्यांची फळं खाऊन मासा शहाणा होतो आणि तो मासा खाणारा कवी. देसाई म्हणाला, माशाचं बघता येणार नाही, झरा आणि झाडं मात्र दाखवतो.

सकाळी त्याच्या स्कूटरवरून वारणानगर मागे टाकलं. साखर रेशनवर, आणि इथे दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर ऊस! पुढे डोंगरात देवराई (देवाच्या नावाने राखलेलं रान) लागली. ती राखणाऱ्या गणूतात्यांनी आम्हाला आत हिंडवलं. मी आपला पुस्तकातलं रान आठवत चाललो होतो. आठवण म्हणून एक वाकडी काटकी उचलली.

बाहेर पडताना तात्यांनी अडवलं. "पावणं, कुठनं उचलली तिथंच ठेवा. हितलं वाळल्यालं पान बी भाईर जात न्हाय."

आयर्लंडातही असल्या झाडाला हात लावला तर घर बुडतं म्हणतात, असं मी कौतुकाने सांगितलं.

"म्हंजे म्हाईत असून उचलली व्हय?"

मी ओशाळलो. जागा आठवेना. तासभर ओणवा होऊन पालापाचोळा धुंडाळला. अळंब्या दिसल्या, झऱ्यात उतरलेली जांभळीची मुळं दिसली. अखेर काटकीसारखीच वाकडी, ओलसर खाच सापडली. उघड्या पडलेल्या मुंग्या अंडी घेऊन पळत होत्या. काटकी हळूच ठेवली. लाज वाटत होती आणि आनंदही होत होता. तिथेच बसून चार ओळी लिहिल्या.

संध्याकाळी संमेलनात त्याच वाचल्या. टाळ्या बेताच्याच. देसाईच्या आग्रहाने तात्याही आले होते. म्हणाले, "झ्याक हाय. पर रान एवढं मोठं आनि कविता एवढीशीच?"

परतीच्या एसटीत ते आठवून हसू येत होतं. पुस्तकाला मी दोष देत नाही; त्याच्याच नादाने त्या रानापर्यंत गेलो. कऱ्हाड यायच्या आत आणखी सात ओळी झाल्या, आणि कविता अजून झऱ्यापाशी पोचलीही नव्हती.