आईने शिडं उतरवली

आमच्या लालबागच्या खोलीत जो संप झाला, तो माझ्या पत्रकामुळे झाला. हे मी अभिमानाने सांगतो.

पत्रक होतं कंत्राटी सफाई कामगारांच्या सभेचं. शनिवारी आई मिक्सरवर वाटण वाटत होती आणि मी मिक्सरच्या वरताण आवाजात तिला मजकूर वाचून दाखवत होतो. (तिने मागितलं नव्हतं. जनतेला मागावं लागू नये, या मताचा मी आहे.)

“स्ट्राइक या शब्दाचे अर्थ अनेक. मारणे, काडी ओढणे, घड्याळाने ठोके देणे. पण संप हा अर्थ आला खलाशांकडून! लंडनच्या बंदरात मजुरीवरून पेटलेल्या खलाशांनी जहाजांची शिडं खाली उतरवली. शीड उतरवणं म्हणजे स्ट्राइक. जहाजं जागच्या जागी ठप्प.”

आईने मिक्सर बंद केला. “मालकाला आधी सांगून बघितलं होतं त्यांनी?”

“सांगून ऐकेल तो मालक कसला?”

“बरं. उद्या जेवायला किती जणांना बोलावलंयस?”

“सहाच गं. कोंबडी-वडे कर.”

रविवारी सकाळी आईने गॅलरीतल्या दोरीवरचे कपडे, माझ्या सभेच्या झब्ब्यासकट, ओलेच उतरवून बादलीत टाकले. गॅस बंद केला. दारात खुर्ची टाकून बसली.

“आई, हे काय?”

“शिडं उतरवली. मला रविवारची सुट्टी पाहिजे. दर आठवड्याला.”

“अगं, माणसं येतील आता!”

“म्हणून तर आज.”

(तिचे वडील गिरणी कामगार. वेळ साधणं रक्तातच असणार.)

तेवढ्यात आमच्या संघटनेच्या सुषमाताई बाकीच्यांना घेऊन जिना चढून आल्या. मला धीर आला. “ताई, तुम्हीच समजवा हिला.”

ताईंनी मागणी नीट ऐकून घेतली. चपला काढल्या आणि आईच्या खुर्चीशेजारी फरशीवर बसल्या. मागोमाग सगळेच बसले. मी लिहिलेल्या घोषणा माझ्याच दारात सुरू झाल्या. शेजारच्या गॅलरीतून साथही मिळाली.

“ताई, आत तरी चला.”

“संपावरच्या बाईला ओलांडून जेवायला जाऊ? लाज आहे का तुला?”

“मग जेवणार काय तुम्ही?”

“ते मालकाने बघायचं.”

मालक कोण, म्हणून मी मागे वळून पाहिलं. मागे फक्त ओटा होता.

दुपारी सगळ्यांनी माझं पिठलं खाल्लं, गुठळ्या चावून. त्याआधी मागणी पूर्ण मान्य करावी लागली, कारण बेसनाचा डबा कुठे आहे हे आई संप मिटल्याशिवाय सांगेना.

संघटनेत आल्यापासून पूर्ण यशस्वी झालेला मी पाहिलेला हा एकमेव संप. त्यात माझा सहभाग होता, हे मी प्रत्येक सभेत छाती पुढे काढून सांगतो. कुठल्या बाजूने, हे अजून कोणी विचारलेलं नाही.