थांबलेल्या गाण्यावर डोलणारी मान

मी आयुष्यात हजारभर गोष्टी सांगितल्या असतील. त्यातल्या नऊशे धादांत खोट्या, आणि उरलेल्या शंभरांना मीठमसाला इतका की मूळ भाजी कुठली ते ओळखू येऊ नये. सिंहगडावर माकडाने माझ्या हातातलं कणीस पळवलं, एवढी साधी घटना. माझ्या तोंडून ऐकलीत तर माकडं चौदा होतात, आणि त्यातलं एक तिखट कमी आहे म्हणून कणीस परत आणून देतं. लोक हसतात. मलाही ते आवडतं.

पण ही एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. मित्रांना नाही, आईला नाही, दोन पेग झाल्यावरसुद्धा नाही. का? — हिच्यात वाढवायला काही सापडत नाही. बरेच दिवस शोधून पाहिलं.

तुम्ही बसा. मला बसवत नाहीये, मघापासून तीनदा उठून पाणी प्यायलो — पण तुम्ही बसा.

हेडफोनपासून सुरुवात करतो. ते सोपं आहे.

तेव्हा आम्ही धायरीला नुकतेच राहायला आलो होतो. वृषाली, म्हणजे माझी बायको, सकाळी सव्वासातच्या कंपनीच्या बसने हिंजवडीला जायची आणि संध्याकाळी ट्रॅफिकला दया येईल तेव्हा परतायची. मी नोकरी सोडली होती. एक वर्ष घरी बसून इलेक्ट्रॉनिक संगीत करायचं, काही जमलं तर ठीक, नाहीतर पुन्हा नोकरी, असं दोघांचं ठरलं होतं. ते वर्ष संपून आठ महिने झाले होते. तो विषय मी काढत नव्हतो, आणि ती — ती बिचारी काढतच नव्हती. घर तिच्या पगारावर चाललं होतं. मी हॉलच्या कोपऱ्यात, खिडकीखालच्या टेबलाशी, एकच गाणं दीड वर्ष घासत होतो.

माझे जुने हेडफोन मोबाइलबरोबर फुकट आलेले. त्यांच्यात बेस असा फुगायचा की मला माझं गाणं म्हणजे साक्षात मेघगर्जना वाटायची. तेच मित्राच्या गाडीत लावलं की रॉकेलचा रिकामा डबा बडवल्यासारखं. म्हणून एक दिवस इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तापकीर गल्ली गाठली. सात दुकानं पालथी घातली. बरं, तीन. तिसऱ्या दुकानात साठीचे एक काका होते, चष्मा कपाळावर. मी त्यांना अर्धा तास माझ्या संगीताची महती ऐकवली. चष्मा खाली न घेता ते म्हणाले, "ऐकायला हवेत, की गळ्यात अडकवायला?"

मग त्यांनी दोन जोड काढून ठेवले. एक बंद. कानावर घट्ट झाकण, बाहेरचं आत येत नाही आणि आतलं बाहेर जात नाही. दुसरा उघडा. कानावरच्या वाटीला मागून जाळी, वारं खेळतं. उघड्यात आवाज मोकळा, बेस आहे तेवढाच, फुगवून सांगितलेला नाही. तासन् तास काम केलं तरी कान शिणत नाहीत. घरी मिक्सिंग करायचं तर हाच. खोट एकच — बाहेरचं सगळं ऐकू येतं. पंखा, रिक्षा, शेजाऱ्यांचा टीव्ही, सगळं.

"घरी कोण असतं?" काकांनी विचारलं.

"बायको."

"मग बंद घ्या. हाक मारली तर ऐकू आलं नाही असं खरं सांगता येतं. उघड्यात खोटं बोलावं लागतं."

मी मोठ्याने हसलो. आणि उघडे घेतले.

घरी आलो, वृषालीने विचारलं, कसे आहेत रे? आता सरळ माणूस काय सांगेल? चांगले आहेत, फक्त बाहेरचं ऐकू येतं. संपलं. पण मी म्हणालो, "अगं, काय सांगू! दुकानात घालून बसलो होतो, बाहेरून ढोल-ताशा पथक गेलं, दोनशे ढोल, आणि मला पत्ता नाही! काकांनी गदागदा हलवलं तेव्हा भानावर आलो."

पथक वगैरे काही गेलं नव्हतं. गल्लीत एक हातगाडी अडकली होती.

"म्हणजे आता तू गेलास कामातून," असं म्हणून ती हसली. एवढंच. खरं सांगतो — हा शब्द माझ्या तोंडी शोभत नाही, कळतं मला — तेव्हा फसवायचा हेतू नव्हता. नुसती जिभेची सवय. पण त्या दिवसापासून मी हेडफोन घातलेले असले की ती आधी येऊन खांद्यावर बोटांनी टकटक करायची, मी ते उतरवायचो, मगच ती बोलायची. किती अदबीने करायची! मी ते दुरुस्त केलं नाही. पहिल्या आठवड्यात गंमत म्हणून, दुसऱ्या आठवड्यात लाज वाटली म्हणून, आणि तिसऱ्या आठवड्यात — तिसऱ्या आठवड्यात फायदा कळला म्हणून.

ती माझ्यामागे दिवाणावर बसून फोनवर बोलायची आणि मला सगळं ऐकू यायचं. मैत्रिणीला सांगायची, या वर्षी मोरपिशी रंगाची साडी घ्यायची आहे गं. मी दोन दिवसांनी सहज म्हणायचो, तुला मोरपिशी काय दिसेल! ती चाट पडायची. तिच्या माहेरी माझं नाव झालं — मनातलं ओळखणारा जावई. मी मिशीला पीळ द्यायचो. मला मिशी नाही, पण द्यायचो.

आता ते सांगायला हवं.

थांबा, आधी जर्मनबद्दल. ते कळलं नाही तर पुढचं तुम्हाला किरकोळ वाटेल.

वृषाली चार वर्षं जर्मन शिकत होती. शनिवार-रविवार संध्याकाळी क्लास, बसमध्ये कानाला धडे, आणि घरात जिथे तिथे चिठ्ठ्या. फ्रिजवर, दारावर, पिंपावर, गॅसमागच्या टाइलवर. त्या भाषेत म्हणे प्रत्येक वस्तूचं लिंग पाठ करावं लागतं, तर्क चालत नाही. ती पोळ्या लाटता लाटता पुटपुटायची. चार वर्षं, अहो! मी कुठलीच गोष्ट चार वर्षं केलेली नाही, झोप सोडून. का शिकत होती? कंपनीचं एक ऑफिस तिकडे होतं. तिथे दोन वर्षं काम करायचं, एवढं एकच तिला हवं होतं. तिने माझ्याजवळ दुसरं काही मागितल्याचं आठवत नाही — आणि हेही तिने मागितलं नव्हतं. फक्त चिठ्ठ्या लावल्या होत्या.

तर, एक शनिवार. सकाळचे अकरा. मी टेबलाशी, ती मागे दिवाणावर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत बसलेली. मांडीवर फोन, आईशी बोलणं चाललेलं. माझ्या कानांत गाणं हळू चालू होतं. ती म्हणाली, "आई, झालं गं. माझं नाव आलं. दोन वर्षांसाठी."

माझं बोट स्पेसबारवर पडलं. गाणं थांबलं.

"नाही गं, त्याला नाही सांगितलं," ती म्हणाली. पलीकडून तिची आई काहीतरी बोलली. "सांगितलं तर जा म्हणेल तो. म्हणेलच, मला माहितीये. आणि मग इथे एकटा कुढत बसेल. त्याचं अजून काही मार्गी लागलं नाहीये, आई. अशात मी निघून जाऊ?" मेथीची जुडी झटकल्याचा आवाज. "नाही, तो नाही ऐकत. हेडफोन आहेत. सोमवारी नाही म्हणून कळवते."

मला काय करायचं होतं? हेडफोन उतरवायचे. खुर्ची फिरवायची. जा, म्हणायचं. एक अक्षर! माझ्यासारख्या बडबड्याला एक अक्षर जड?

ती माझ्या पाठीकडे बघत असणार, हे मला कळत होतं. म्हणून मी मान डोलवत राहिलो.

गाणं बंद होतं. कानांत पंख्याची घरघर आणि तिचं नाक ओढणं, दुसरं काही नाही. आणि मी त्यावर मान डोलवत होतो. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार. उजव्या पायाने ठेकाही धरला. तिचा फोन संपेपर्यंत — आणि संपल्यावरही बराच वेळ. इतक्या चोख तालात मी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही.

शनिवार गेला. रविवार होता ना मध्ये? अख्खा रविवार होता. मी काय केलं? साबुदाण्याची खिचडी केली. चौदा माकडांची गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी माकडं एकवीस केली. ती पोट धरून हसली. मी तिला हसवत होतो, कारण ती हसत असली की बोलू शकत नव्हती.

सोमवारी सकाळी तिला स्कूटरवरून बसपर्यंत सोडायला गेलो. पुलाच्या अलीकडे गर्दीत अडकलो होतो. मागून ती म्हणाली, "अरे, समजा — समजा मला दोन वर्षं कुठे जावं लागलं, तर?"

ऐकलंत ना तुम्ही? तिने विचारलं. शनिवारी आईला सांगितलं होतं की नाही म्हणून कळवते, तरी विचारलं. तेही मला तोंड दिसणार नाही अशा जागी बसून — तिलाही सोपं व्हावं आणि मलाही.

मी मान अर्धी वळवून ओरडलो, "काय? हेल्मेटमध्ये काही ऐकू येत नाहीये!"

आलं होतं. शब्दन् शब्द आला होता.

"काही नाही," ती म्हणाली. बस आली. ती चढली.

संध्याकाळी ती आली तेव्हा नेहमीसारखीच होती. मीच नव्हतो. त्या आठवड्यात मी घरभर फिरायचो — टेबल, स्वयंपाकघर, गॅलरी, टेबल. पुढे कधीतरी तिने स्वतःच सांगितलं, अशी संधी आली होती, मी नको म्हटलं, दुसरी मुलगी गेली. आणि मग विचारलं, "मी तेव्हा सांगितलं असतं तर तू जा म्हणाला असतास ना?"

"असं विचारतेस काय?" मी म्हणालो. "ढकलत नेऊन विमानात बसवलं असतं तुला! पायलटला पेढे दिले असते!"

ती हसली. समाधानाने हसली — हे मी कसं विसरू? आणि मी तेवढ्यावर थांबलो का? छे. ते माझं नवीन आख्यान झालं. तिच्या भावाकडे जेवायला गेलो तर पंगतीत उभा राहून रंगवून सांगायचो, हिने मला विचारलंच नाही हो, नाहीतर मी विमानतळावर ढोल लावून पाठवली असती! सगळे हसायचे. तिची आई हसायची नाही. ताटात बघायची. वृषाली मात्र म्हणायची, "हो, यानं कधीच अडवलं नसतं." अभिमानाने म्हणायची.

एका रविवारी तिने टाइलवरच्या चिठ्ठ्या ओल्या फडक्याने भिजवून काढल्या. एक फ्रिजच्या मागे राहिली आहे. मी पाहिली आहे. काढली नाही.

आणि माझं गाणं? झालं एकदाचं पूर्ण, पुढच्या उन्हाळ्यात. वाईट नव्हतं. पहिल्यांदा तिला ऐकवायचं म्हणून माझ्या खुर्चीत बसवलं, हेडफोन तिच्या कानांवर चढवले — याआधी तिने ते कधी घातलेच नव्हते — आणि गाणं सुरू केलं. स्वयंपाकघरात गॅसवर वरणभाताचा कुकर होता. माझ्या ध्यानातही आलं नाही.

तिने डोळे मिटले होते. मान हळूहळू डोलत होती. सुंदर दिसत होती.

कुकरची शिट्टी झाली. डोळे न उघडता तिने मांडीवरच्या हाताचं एक बोट उचललं. तिची सवय आहे ती, हातातलं काम न सोडता शिट्ट्या बोटांवर मोजायची. दुसरी शिट्टी झाली. दुसरं बोट उचललं गेलं.

आणि मान डोलायची थांबली.

दोन बोटं तशीच वर. तिने डोळे उघडले, त्या बोटांकडे पाहिलं. हेडफोन थोडे उचलले, पुन्हा कानांवर ठेवले. गाणं चालूच होतं. तिसरी शिट्टी झाली. तिने तिसरं बोट उचललं नाही. मी पाठीमागे उभा होतो. तिने मागे वळून पाहिलं नाही. गाणं शेवटपर्यंत ऐकलं, उरलेली चार मिनिटं, मान अजिबात न हलवता. मग हेडफोन काढून नीट टेबलावर ठेवले, वायर गुंडाळली, "छान झालंय," म्हणाली, आणि गॅस बंद करायला गेली. माझ्याजवळ तेव्हा शंभर गोष्टी होत्या. तिने एकही मागितली नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. तिने कधीच विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. आमचं बरं चाललं आहे. तिच्या भावाकडे मी आता ते आख्यान लावत नाही. कुणी आठवण काढली तर ती भाजी वाढायला उठते. मी तसं का वागलो याची कारणं मला सुचतात. सुचायची थांबत नाहीत, त्यातली काही फार रंगतदार आहेत. ती कारणं मी सांगणार नाही.

हेडफोन अजून तेच आहेत. मी ते घालून बसलो असलो की ती आजही आधी येऊन खांद्यावर टकटक करते आणि मी ते उतरवेपर्यंत थांबते.

फोन आला की मात्र ती गॅलरीत जाते आणि काचेचं दार ओढून घेते. कालही गेली होती. बराच वेळ बोलत होती. मी हेडफोन काढून ठेवले होते. काचेमागे तिचे ओठ हलताना दिसत होते.

ऐकू काही आलं नाही. हे खरं आहे.