पाडव्याची हजेरी

जयसिंगला म्हातारपणी काय व्हायचं होतं? पेन्शनर! हसू नका. त्याचे वडील कालव्यावर चौकीदार होते. निवृत्त झाल्यावर दर एक तारखेला धुतलेलं धोतर नेसून ते हडपसरच्या बँकेत जायचे, रांगेतल्या जुन्या सोबत्यांशी गप्पा हाणायचे आणि येताना गरम जिलबी आणायचे. हा रुबाब आपल्याही वाट्याला यावा, एवढीच जयसिंगची आस.

खडकवासल्याच्या त्याच कालव्यावर तो रोजंदारीवर राबत होता. कायम होण्याची वाट बघता बघता केस पांढरे झाले. वडील गेले, पेन्शन आईच्या, गोदाबाईच्या नावावर आली. अखेर दोन हजार पाचच्या दिवाळीत, ऐन वसुबारसेला, कायम केल्याचा हुकूम हातात पडला. जयसिंग तस्साच चौकीवर निघाला, तर गोदाबाई आडवी आली.

"आरं, एवढी वर्षं थांबलास, चार दिवसांनी काय बिघडतंय? पाडव्याला हजर हो. साडेतीन मुहूर्तांतला दिवस हाय."

कालव्याला कुठली सुट्टी! पाडव्याला ओवाळून घेऊन जयसिंगने चौकीवर सही ठोकली.

आणि सरकारने काय करावं? लक्ष्मीपूजनापासून जो कायम नोकरीला लागेल त्याला जुनी पेन्शन नाही, असा नियम काढला. दोन दिवसांनी हुकलं. आता बोला! आधीच्यांना पेन्शनसाठी दमडी मोजावी लागत नव्हती. जयसिंगच्या तुटपुंज्या पगाराला मात्र दरमहा दहा टक्के कात्री. तो पैसा बाजारात गुंतवायचा आणि शेवटी निघेल ते आपलं नशीब. साठीला जयसिंगचं नशीब निघालं ते वीजबिल आणि गॅसपुरतं.

आईला त्याने यातलं काही कळू दिलं नाही. सांगणार तरी कसं? दर पाडव्याला ती "माझा मुहूर्त लाभला पोराला" म्हणून आळीभर मिरवायची. "पेन्शन बसायला वेळ लागतो गं," म्हणत त्याने वेळ मारून नेली आणि आयटी पार्कच्या फाटकावर वॉचमनचा गणवेश चढवला. एक तारखेला आईला बँकेत न्यायचा, स्वतः बाकावर बसायचा आणि रांगेतल्या म्हाताऱ्यांकडे बघत राहायचा. जीव तुटायचा त्याचा.

मग त्याच्या मुलीला, श्रद्धाला, त्याच आयटी पार्कात नोकरी लागली.

"सोमवारी जॉइनिंग आहे, आजी."

"मंगळवारी दसरा हाय की! एका दिवसानं काय बिघडतंय?"

"अजिबात नाही!" जयसिंग एवढ्या जोरात ओरडला की श्रद्धा दचकली. "या घरात पुन्हा मुहूर्त बघायचा नाही!"

गोदाबाई त्याच्याकडे बघत राहिली. म्हातारी काही भोळी नव्हती.

"पाडव्यानं घात केला का रं तुझा?"

जयसिंगने मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं. श्रद्धा सोमवारीच गेली.

पुढच्या एक तारखेला बँकेत गोदाबाईच बाकावर बसली. पासबुक आणि अंगठा उठवलेली स्लिप तिने लेकाच्या हातात कोंबली. "जा, रांगेत उभा राहा."

पुढचा म्हातारा मागे वळला. "या जयसिंगराव! सुरू झाली वाटतं पेन्शन?"

बाकावरून गोदाबाईच कडाडली, "आमच्या दोघांची हाय ती! त्याची माझ्या पाडव्यानं खाल्ली."

येताना जयसिंगने जिलबी घेतली. पैसे आईने दिले.