अप्पांनी पाहिलेली दोन कॉलेजं

आमचे बसलिंगअप्पा कोणत्याही घरी गेले की आधी पाणी मागत. तहान असो वा नसो. पाणी कोण आणतं, किती आणतं, कुरकुरत आणतं की हसत, एवढ्यावरून ते त्या घरात पोरगी द्यायची की नाही हे ठरवत. ते माझ्या वडिलांचे थोरले चुलतभाऊ. मुरूडला त्यांचं भुसाराचं दुकान होतं, पण खरा जीव लग्नं जमवण्यात. “दार बघू न्हाई, परस बघावं,” असं म्हणत ते सरळ मागच्या अंगणात जात.

मी बी. ए. झाले, त्या वर्षी लातूर नुकता जिल्हा झाला होता आणि पाऊस मात्र कुठल्याच जिल्ह्यात नव्हता. अप्पांनी माझ्यासाठी उदगीरचं स्थळ आणलं. मी घाबरून बी. एड. करायचंय म्हणून सांगितलं. नवा जिल्हा, नव्या शाळा, मास्तरणी लागणारच, असं काहीबाही पटवलंही. वडील म्हणाले, महिनाअखेरपर्यंत प्रवेश मिळाला तर ठीक, नाहीतर उदगीर. आणि कॉलेज बघायला सोबत कुणाला पाठवलं? अप्पांनाच. माझं नशीब असं, की वकील आणि फिर्यादी एकच.

लातूरच्या कॉलेजात शिपायानं अर्धा ग्लास पाणी आणलं. अप्पा खूश झाले. “दुष्काळात अर्धाच देतेत, म्हंजे घर जाणतं हाय.” मग ते मागे जाऊन हौद बघून आले. प्राचार्यांना त्यांचं मूळ गाव विचारलं, भाऊ किती विचारलं, आणि इथून गेलेल्या पोरी कुठंकुठं ‘पडल्या’ तेही विचारलं. प्राचार्य भला माणूस. एक जागा आहे म्हणाला, फॉर्म आत्ताच भरा. मी पेन उघडलं. अप्पांनी ते हळूच माझ्या हातातून काढून घेतलं आणि हात जोडून म्हणाले, “घरी इचार करून कळवतो.”

बाहेर आल्यावर मी रडायच्या बेतात. ते समजावू लागले, “पहिल्याच बैठकीत हाव म्हणलं की समोरच्याला वाटतं, पोरीत काहीतरी खोट हाय. दोन दिस थांबू. तेच निरोप धाडतील.”

निरोप कसला येतो. तिसऱ्या दिवशी गेलो तर जागा भरलेली. घरी अप्पांनी, पत्रिका जुळली नाही, एवढंच सांगितलं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी आम्ही नांदेडला. तिथं पाणी पूर्ण ग्लासभर आलं. “उधळे दिसायलेत,” अप्पा माझ्या कानात कुजबुजले, पण या खेपेला हौद बघायला गेले नाहीत. प्राचार्या बाई चष्म्यावरून बघणाऱ्या. जागा होती, पण एक कागद लिहून द्यायचा होता. मुली मध्येच लग्न करून जातात, जागा वाया जाते. तेव्हा वर्ष पुरं होईपर्यंत मुलीचं लग्न करणार नाही, असं पालकानं लिहून द्यायचं.

अप्पांच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. उदगीरकरांना त्यांनी दिवाळीनंतरचा शब्द दिलेला. त्यांनी घासाघीस करून बघितली. म्हणाले, बाई, एखादा मुहूर्त तरी मोकळा ठेवा. बाईंनी दाराकडे बोट दाखवलं. तिथं दुसरी एक मुलगी वडिलांसोबत उभी होती.

अप्पा माझ्याकडे वळले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी मला काही विचारलं.

“सुमे, खरंच मास्तरीण व्हायचंय का तुला? का उदगीरला भ्यायलीस?”

खरं तर उदगीरलाच भीत होते. पण त्या दारातल्या मुलीकडे पाहिलं आणि ही जागा तिला जाणार हे सहन न होऊन मी “हाव” म्हणाले. इतक्या मोठ्यानं की बाई दचकल्या. अप्पांनी सही केली.

एसटीत कंधार मागे पडलं. मग अप्पा म्हणाले, “आता उदगीरला मीच जातो. चार शिव्या खातो, च्या पितो आन येतो.” तसंच केलं. शिव्या चारापेक्षा बऱ्याच जास्त होत्या, असं नंतर कळलं.

मी मास्तरीण झाले. माझं लग्नही पुढे अप्पांनीच जमवलं. पण त्या सहीनंतर त्यांना एक खोड लागली. स्थळ दाखवण्याआधी ते मुलीला दुकानाच्या मागं पोत्यांशी बोलावत आणि विचारत, “पुढं शिकायचं असंल तर आत्ताच सांग. मागून मी ऐकणार न्हाई.” त्यामुळे मुरूडच्या पंचक्रोशीत त्यांच्या नावाला जरा बट्टाच लागला.

ते गेले तेव्हा मातीला गाव लोटलं. त्यांनी जमवलेली जोडपी नातवंडं घेऊन आली होती. कडेला लिंबाखाली सात-आठ बायका घोळक्यानं उभ्या होत्या, कुणाला फारशा ओळखीच्या नव्हत्या. मी जाऊन विचारलं. सगळ्या शाळांवरच्या मास्तरणी निघाल्या. प्रत्येकीचं एकेक स्थळ अप्पांनी मोडलं होतं.